चौफुलीवर आधी कोण

रविवार, ७ सप्टेंबर

आज चर्च सुटल्यावर आम्ही घरी पोचेपर्यंत वरेनिकी, म्हणजे पनीर भरून उकडलेल्या करंज्या, थिजून गेल्या होत्या. चर्चच्या पायरीवरून आमचे घर दिसते. मधे फक्त चौफुली आहे.

उन्हाळ्यात सरकारने या चौफुलीच्या चारही तोंडांना ‘थांबा’ अशा लाल पाट्या लावल्या. त्याआधी इथे पाटी नव्हती आणि मला आठवते तेव्हापासून अपघातही नव्हता. खडीचे रस्ते, समोरची धूळ लांबून दिसायची आणि माणूस आपोआप हळू व्हायचा. आता सगळे थांबतात. थांबण्यात आमचे रोझनवाइड गाव पटाईत आहे. अडचण निघण्याची आहे. समोरचा थांबलेला असताना आपण आधी गाडी काढायची, म्हणजे मी तुझ्यापेक्षा मोठा असे चारचौघांत सांगायचे, आणि आमच्याकडे गर्वाइतके मोठे पाप दुसरे नाही. म्हणून जो तो काचेआडून हात हलवतो, तू जा. समोरचाही हलवतो, छे, तू.

आज चारही बाजूंना गाड्या होत्या. आई मागे भांडे मांडीवर घेऊन बसली होती.

“नेटा, तू शहरात हेच शिकवतेस ना? मग सांग, कोणी जायचं?”

“चौघं एकदम आले तर उजवीकडच्याने.”

आईने उजवीकडे पाहिले. “तिकडे फन काकू आहेत. त्या कशा जातील? त्यांच्या उजवीकडे उपदेशक आहेत.”

“मग उपदेशक.”

“त्यांच्या उजवीकडे डेअरीवाले पेनर. आणि पेनरच्या उजवीकडे आपण.”

शेवटी उपदेशकांना भूक लागली, ते गाडी तिथेच सोडून चालत घरी गेले. तीन गाड्या उरल्यावर एकीच्या उजवीकडे कोणी राहत नाही. नियम लगेच लागू पडला. मी आईला म्हटले, बघ, नियमात चूक नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

ड्रायव्हिंग स्कूलच्या कोवालचुक साहेबांनी ऑफिसात बोलावले. मला वाटले, काल मी एका शिकाऊ मुलीला आरसा बघायची आठवण उशिरा करून दिली, ते कळले असावे. मी आधीच माफी मागून टाकली. ते म्हणाले, कसली माफी, बस.

दुधाच्या टँकरवाल्या गुरविंदरने तक्रार केली आहे. तो आमच्या चौफुलीवर अडकला आणि दूध नासले. त्याने हॉर्न वाजवला, तर दोन बायका घरातून धावत आल्या आणि कुठे दुखतंय का म्हणून त्याला विचारू लागल्या. आता नगरपालिकेने गावाला चौफुली शिकवण्याचे काम आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला दिले आहे.

“तुझं गाव, तुझी भाषा. तूच जा,” साहेब म्हणाले.

“पण सर, मी शिकाऊ आहे. मला प्रशिक्षकाचं लायसन्स कुठे आहे?”

“म्हणूनच. सात ऑक्टोबरला परीक्षक ओडेट बाई येतील, मागच्या सीटवर बसतील. तू गावातल्या एकाला शिकवायचं, त्याने ती चौफुली नीट ओलांडायची. ओलांडली की तुझं लायसन्स.”

“आणि नाही ओलांडली तर?”

“अगं बाई, चौफुली आहे. नदी नाहीये.”

घरात बारावी झालेली मी पहिली. इतकं शिकून ती करते काय, असे बायका आईला विचारतात. आई म्हणते, गाडीत बाजूला बसते. आईचे म्हणणे खोटे नाही. पण कागदावर शिक्का असला तर बाजूला बसण्याला काही अर्थ येईल असे मला वाटते. हे वाटणे गर्वात मोडते का, याचा रात्रीपर्यंत विचार केला. ठरले नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

चर्चच्या तळघरात वर्ग घेतला. फळ्यावर चौफुली काढली. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, कारण फन काकूंनी आलुबुखाराचे सार आणले होते.

मी सांगितले: पाटीपाशी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघायचे. जो आधी थांबला तो आधी निघणार. एकदम थांबले तर उजवीकडचा. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला जाऊ द्यायचे. समोरासमोरचे दोघे सरळ जाणार असतील तर एकदम निघाले तरी चालते. आणि हाताने इशारा करून कोणाला पुढे घालायचे नाही, कारण आपण ‘जा’ म्हणतो तेव्हा तिसरीकडून कोण येत आहे ते त्याला दिसत नसते.

पेनरनी हात वर केला. “म्हणजे वाट देणं गुन्हा?”

“वाट देणं नाही. आपली पाळी सोडणं.”

“पाळी माझी आहे हे ठरवणारा मी कोण?”

“तुम्ही नाही ठरवायचं. नियम ठरवतो.”

“मग उजवीकडच्याने नको म्हटलं तर?”

“त्याला नको म्हणता येत नाही.”

तळघरात कुजबुज झाली. उपदेशक सावकाश म्हणाले, “पोरी, तू हुशार आहेस. पण हा नियम माणसाला जबरदस्तीने पहिला करतो. शेवटचं राहायचं असेल तर पाटी कुठे लावायची, हे सरकारने सांगितलं नाही.”

सार छान झाले होते. मी दोनदा घेतले, हेही लिहून ठेवते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

प्रत्यक्ष गाड्यांऐवजी माणसांवर सराव घेतला. प्रत्येकाच्या हातात स्टेअरिंग म्हणून जेवणाची ताटली दिली आणि तळघरात चार वाटा आखल्या. फन काकू उत्तरेकडून येत होत्या. काकू सत्तरीच्या आहेत, पण चाके थांबवताना त्यांनी तोंडाने ब्रेकचा आवाजसुद्धा काढला. सगळे उत्तम थांबले. मग चौघांनीही आपापली ताटली एका हातात घेतली आणि मोकळे हात हलू लागले.

“हात स्टेअरिंगवर,” मी म्हटले.

त्यांनी हात ताटलीवर ठेवले आणि मानेने खुणावू लागले. मी मानेलाही मनाई केली. तेव्हा पेनरनी डोळे मिटून घेतले. त्यांचे म्हणणे, आपल्याला दिसलेच नाही तर आपण निघाल्याचा गर्व होणार नाही. हे फार धोक्याचे आहे असे मी सांगितले. ते म्हणाले, “मग तूच सांग कसं निघू.”

संध्याकाळी साहेबांना फोन केला. चौघे खरोखर एकदम आले तर पुस्तकात काय आहे?

“काही नाही. कोणीतरी निघतो.”

“कोण?”

“ज्याला घाई आहे तो.”

“सर, इथे कोणालाच घाई नाही.”



बुधवार, २४ सप्टेंबर

परीक्षेसाठी माझ्या हाताखाली बसायला कोणी तयार होईना. आमच्या स्कूलच्या गाडीच्या टपावर पिवळी पाटी आहे, आणि डोक्यावर पाटी मिरवत गावातून जायला सगळे लाजतात. शेवटी बाबा म्हणाले, मी येतो.

बाबा वयाच्या बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवतात. आरसे, अंतर, वेग, सगळे चोख. एका हाताने सूर्यफुलाच्या बिया खाणे तेवढे बंद करवले. चौफुलीपर्यंत मी त्यांच्या नावे एकही चूक लिहिली नाही.

चौफुलीवर समोरून इझब्रांड काकांचा पिकअप आला.

काका बाबांचे धाकटे भाऊ. मी लहान असल्यापासून दोघांत बोलणे नाही. आजोबा गेल्यावर जमीन वाटायची होती. बाबा म्हणाले, चांगला तुकडा इझब्रांडला द्या. काका म्हणाले, डीड्रिखला, म्हणजे बाबांना, द्या. कोणी मागे हटेना. तू नम्रपणाचा गर्व करतोस, असे एक जण दुसऱ्याला म्हणाला. कोण म्हणाला यावर अजून एकमत नाही. मग त्या वेळच्या उपदेशकांनी कोणाचाच फायदा होणार नाही असा निवाडा दिला. काकांच्या दारापुढचे शेत बाबांना आणि आमच्या दारापुढचे काकांना. म्हणून काका रोज पश्चिमेकडून येऊन आमच्या खिडकीसमोर काम करतात आणि बाबा पूर्वेकडून जाऊन त्यांच्या.

दोघे एकदम थांबले. बाबांनी हात हलवला. काकांनी हात हलवला. मी बाबांना हाताबद्दल आठवण करून दिली.

“तो आधी जाऊ दे,” बाबा म्हणाले.

“का?”

“त्याने दिलेली वाट मी घेणार नाही.”

“ही वाट ते देत नाहीत, बाबा. सरकार देतं.”

“सरकार काय समोर बसलंय? समोर तो बसलाय.”

काकांनी थर्मास काढला. बाबांनी इंजिन बंद केले. थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करणे योग्य, म्हणून मी तशी नोंद केली. ऊन उतरल्यावर काका मागे वळले आणि आम्हीही. शेतात कोणीच गेले नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

सरावाबाबत बाबांची तळमळ बघून मला हुरूप येतो. सकाळी टोपी घालून ते खिडकीशी तयार असतात. आज मी लवकर निघू म्हटले तर म्हणाले, थांब जरा. दूर पश्चिमेला धूळ दिसली तशी लगेच उठले, “चल, उशीर होतोय.” त्यांनी दाढीही केली होती. काकांचा पिकअप धुतलेला होता. परीक्षेचे गांभीर्य त्यांच्यापर्यंतही पोचले असावे.

चौफुलीवर पुन्हा तेच. हात हलवले, मग इंजिन बंद. आमच्या मागे पेनर येऊन थांबले, त्यांच्यामागे फन काकू. काकूंनी डिकीतून गोळ्यावर गोळा ठेवून भाजलेले दुमजली पाव काढले आणि गाड्यांतून वाटत फिरल्या. पलीकडच्या रांगेतही देऊन आल्या. आल्यावर बाबांनी विचारले, “त्याने घेतला का?”

“दोन घेतले.”

“खोकला होता त्याला.”

“आहे अजून.”

शिकणाऱ्याने चौफुलीवर असताना लक्ष दुसरीकडे जाऊ देऊ नये, असे मला सांगावे लागले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

झोप नीट नाही. परीक्षा आठवड्यावर आली. बाबा कायद्याने सगळे करतात आणि तरीही गाडी पुढे जात नाही. याचा अर्थ दोष शिकवणाऱ्याचा आहे.

पहाटे पुस्तक पुन्हा उघडले आणि मी स्वतः फळ्यावर लिहिलेले वाक्य समोर आले. समोरासमोरचे दोघे सरळ जाणार असतील तर एकदम निघाले तरी चालते. बाबा सरळ जातात. काकाही सरळ जातात. दोघे एकदम निघाले तर आधी कोणीच जात नाही. कोणी कोणाला वाट दिली, हा प्रश्नच उरत नाही. आनंदाने मी आईला उठवले. ती म्हणाली, “चूल तरी पेटवू दे.”

नाश्त्याला बाबांना मिठाची आणि मिऱ्याची डबी घेऊन दाखवले. दोन्ही थांबल्या, दोन्ही निघाल्या, शेजारून गेल्या. बाबा डब्यांकडे बघत राहिले.

“म्हणजे थांबायचंच नाही?”

“थांबायचं. मग दोघांनी एकदम निघायचं.”

“आणि?”

“आणि काय? तुम्ही तुमच्या शेतात, ते त्यांच्या. मिनिटसुद्धा लागणार नाही.”

“रोज असं?”

“रोज.”

त्यांनी मिठाची डबी उचलून जागेवर ठेवली. वाटले तितके ते खूश झाले नाहीत. वयामुळे नवीन पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज मी काकांकडे गेले, कारण एकाला शिकवून दुसऱ्याला न सांगणे असुरक्षित आहे. आम्हा मुलांना तिकडे जायला बंदी कधीच नव्हती, फक्त कोणी जात नसे.

काकांनी सॉसेज तळून वाढले आणि सगळे नीट ऐकून घेतले.

“त्याला पटलं हे?”

“पटलं. जरा हळू पटलं.”

“तो जेवतो ना वेळेवर? नाही, म्हणजे ड्रायव्हरचं पोट भरलेलं असावं असं तुमच्या पुस्तकात असेल.”

“पुस्तकात थकवा आणि झोप आहे. भुकेबद्दल वेगळं काही नाही.”

“असायला हवं,” काका म्हणाले. मग काट्याने सॉसेज उलटत राहिले. “एकदम निघायचं म्हणतेस. आणि मी जरा हळू निघालो तर?”

“वेग सारखा ठेवला तर बरं.”

“बरं तर बरं.”

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, तुझ्या परीक्षेला आम्ही म्हातारे आड येणार नाही. मला फार धीर आला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

झाले ते झाले त्या क्रमाने लिहिते.

ओडेट बाई ठेंगण्या, जाड कोटातल्या. मागच्या सीटवर बसल्या आणि मांडीवर कागद ठेवला. गावात बातमी होतीच. चौफुलीच्या कडेला चरांच्या काठी लोक उभे होते, बिया फोडत. दक्षिणेकडून गुरविंदरचा टँकर येऊन पाटीपासून लांबच उभा राहिला. त्याने खिडकीतून सांगितले, “ताई, माझी काळजी करू नका. आज मी दूध न भरताच आलोय.”

बाबांनी उजवा आरसा पाहिला, डावा पाहिला, वेग उतरवला. पाटीपाशी चाके पूर्ण थांबली. समोर काकांची चाकेही त्याच क्षणी थांबली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बाबांचा हात स्टेअरिंगवरून हलला तशी मी टोकणारच होते. पण त्यांनी फक्त तर्जनी उचलली. तो आमच्याकडचा नमस्कार आहे, इशारा नव्हे. समोरही एक बोट वर झाले. मागे बाईंचे पेन कागदावर चालले, आणि चालण्याचा आवाज चांगला होता.

मग दोघे निघाले. एकदम. आधी कोणीच नाही. काठावरच्यांनी बिया फोडणे थांबवले.

मधोमध येताना काकांचा पिकअप हळू झाला. आणखी हळू झाला. त्यांची काच खाली होती आणि ते आमच्याकडे बघत होते. बाबा बघत नव्हते. नजर समोर रस्त्यावर ठेवा, हे मीच त्यांना रोज सांगितले होते, आणि ते ठेवत होते; मान ताठ होती, कानशिलावरची शीर उडत होती. वेग अगदी योग्य होता. आणखी दोन क्षणांत आम्ही पलीकडे गेलो असतो आणि मी उत्तीर्ण झाले असते.

आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, धोका दिसला तर दाबायला. मी तो दाबला.

गाडी चौफुलीच्या बरोबर मध्यावर थांबली. बाबांची खिडकी काकांच्या खिडकीसमोर होती.

“काय झालं?” बाबांनी मला विचारले.

उत्तर काकांनी दिले, ते वेगळ्याच गोष्टीचे.

“तुझ्या शेतावरच्या ट्रकचा पुढचा डावा दिवा मंद झालाय.”

बाबा काच खाली करत म्हणाले, “कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून बघतोय.”

“मग सांगायचं की.”

“तू पुढे कुठे येत होतास सांगायला?”

बाबांनी विचारले, “खोकल्यावर काय घेतोस?”

“काही नाही.”

“म्हणूनच.”

ओडेट बाई पुढे वाकल्या. “रस्त्यात काही आलं होतं का?”

“नाही.”

“मांजर? कुत्रा? सांग, मला इथे एक शब्द लिहायचाय.”

“काही नव्हतं.”

“पोरी, मी मागे बसले होते. मला सगळं दिसत नाही. तू म्हणशील ते लिहीन.”

“कुत्रा नव्हता, बाई.”

“मग ब्रेक का दाबलास?”

“मला माहीत नाही.”

त्यांनी उसासा टाकला. “चौफुलीच्या मधे विनाकारण गाडी थांबवली. नापास करावं लागेल.”

“हो,” मी म्हटले, “लागेल.”

एव्हाना काकांनी बियांची पिशवी खिडकीतून इकडे दिली होती. बाबांनी मूठभर घेतल्या, मागे बाईंना दिल्या. बाईंनी कागद बाजूला ठेवून टरफले कशी काढायची ते विचारले. मी गाडी हलवा असे दोनदा म्हणाले. कोणी ऐकले नाही. गुरविंदर इंजिन बंद करून खाली उतरला आणि चराच्या काठावर बसला. त्याला पाव मिळाला.

परत परीक्षा वसंतात, बर्फ वितळल्यावर. साहेब फोनवर म्हणाले, “नदी होती म्हणायची.” आईला सांगितले तेव्हा तिने मला पोटाशी धरले आणि ती रडली. मी म्हटले, आई, पुन्हा देता येते. ती आणखीच रडली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गावाची चौफुली सुटली आहे. बाबा आणि काका गेलेले पाहिल्यावर बाकीचेही समोरासमोरच्या जोड्या करून निघू लागले. एकटा आला तर जोडी जमेपर्यंत थांबतो. पेनर डोळे उघडे ठेवतात.

फक्त सकाळी कामाच्या वेळेला थोडा खोळंबा होतो. बाबा आणि काका एकदम थांबतात, एकदम निघतात आणि मध्यावर गेले की खिडकीला खिडकी लावून उभे राहतात. आज बाबा खोकल्याची बाटली घेऊन गेले होते. मागे रांग लागली तर दोघे एकदम बोट वर करतात आणि बोलत राहतात.

हे शिकवण्यात माझे काही राहून गेले का, म्हणून पुस्तक सबंध पुन्हा वाचले. दोघांनी एकदम निघावे, इथपर्यंत आहे. निघाल्यावर कुठवर जावे, ते कुठेही दिलेले नाही.